पडवीतला रविवार



आषाढ पौर्णिमेच्या चार दिवस आधीची गोष्ट. गावाहून, म्हणजे दापोली तालुक्यातल्या केळशीहून, आमच्या वाडीतल्या एका तरुणाचा फोन आला. आम्ही तेव्हा बाजारात होतो, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. तो म्हणाला, "काका, यंदा वर्षावासात ग्रंथ वाचायला कोण नाय. दरवर्षी वाचतात ते दादा गुडघ्याच्या ऑपरेशनला पोराकडे विरारला गेलेत. आम्ही कामावरून येतो रात्री उशिरा. मोबाईलवर ग्रंथाचं वाचन मिळतं, स्पीकरला जोडून विहारात लावलं तर चालेल ना?"

आम्ही म्हटले, "लावा की. काय हरकत आहे?" आणि फोन ठेवून दुधी घेतला.

घरी येऊन चहा पिताना मात्र तो चहा घशाखाली उतरेना. कानात एकच आवाज यायला लागला, "पोपट नको रे, माणूस पायजे." हा आवाज आमच्या आक्काचा. तिला जाऊन आता तिसाच्या आसपास वर्षे झाली. आज या सदरात तिच्याविषयीच लिहायचे आहे. सदर घरचे आहे, तेव्हा घरातलेही थोडे लिहावे लागेल.

आक्का म्हणजे आमची शेजारीण. तिचे घर आणि आमचे घर यांच्यात फक्त एक कूड होता. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका यायचा. आमच्याकडे पोर रडले की तिकडून "काय झालं रे त्याला?" अशी हाक यायची. खरे तर 'आक्का म्हणाल्या' असे आदराने लिहायला हवे. पण वाडीत लहानथोर कुणीच तिला अहोजाहो केले नाही, आणि आता आम्ही केले तर तीच हसेल. ती नात्याने आमची कुणी नव्हती. सगळ्यांचीच आक्का होती, एवढेच.

केळशी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भारजा नदीची खाडी, खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यातले वेळास. गावात नारळी-पोफळीच्या बागा, महालक्ष्मीचे देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि किनाऱ्याला ती मोठी वाळूची टेकडी. या टेकडीचा डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी पुढे अभ्यास केला, तेव्हा ती पेपरात गाजली. आम्हा पोरांना ती घसरगुंडी म्हणून माहीत होती. बागा आमच्या नव्हत्या. आमच्या वाट्याला डोंगरउताराची वरी-नाचणीची जमीन, खाडीतले मुळे आणि मुंबईची मनीऑर्डर. खोती कायद्याने १९४९ साली गेली, पण खोताच्या अंगणात उभे राहताना पाठीला येणारा वाक आमच्या वडिलांच्या पिढीतही पुरता गेला नव्हता. त्याच खोतीच्या विरोधात बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले होते, हे आम्हांला शाळेत कुणी सांगितले नाही. आक्काने सांगितले.

ती चौथी पास. मुंबईत लहानाची मोठी झाली, नायगावात संसार केला. नवरा गिरणीत होता. १९५६ च्या डिसेंबरात ती असेल वीस-एकवीस वर्षांची. त्या महिन्याच्या १६ तारखेला मुंबईत बाबासाहेबांच्या हस्ते धम्मदीक्षेचा सोहळा व्हायचा होता. चाळीत तयारी सुरू होती. पांढरे कपडे लागणार म्हणून आक्काने आठ-आठ आणे साठवून एक पांढरी साडी घेतली होती आणि घडी न मोडता ट्रंकेत ठेवली होती. ६ डिसेंबरला दिल्लीहून बातमी आली. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखो माणसांना दीक्षा दिली. आक्का त्या गर्दीत होती. "सोळा तारखेची साडी मी सात तारखेला नेसले," एवढेच एक वाक्य ती त्या दिवसाबद्दल बोलायची. पुढे कधी सांगायची नाही, आम्हीही विचारायचो नाही.

नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हते. सासरच्या घराचा एक भाग तिच्या वाट्याला आला म्हणून ती गावी परतली आणि आमची शेजारीण झाली. येताना तिने काय आणले? ती ट्रंक, बाबासाहेबांचा एक फोटो, पूजापाठाची पुस्तिका आणि मुंबईची बोली. ही बोली पुढे वर्षभरात गेली. कोकणात कुणाची टिकली आहे!

तेव्हा आमच्या वाडीत विहार नव्हते. आक्काने रविवारी सकाळी आपल्या पडवीत पोरे जमवायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी आलो आम्ही चौघे. तेही आक्का गूळ-खोबरे देते अशी आवई उठली होती म्हणून. गूळ-खोबरे मिळाले, पण शेवटी मिळाले. आधी हात-पाय धुवायचे, नखे दाखवायची, नाक शिंकरून यायचे. मग त्रिशरण-पंचशील. मग गोष्ट. मग अक्षरे. मग गूळ. हा क्रम पुढे वीस-पंचवीस वर्षे बदलला नाही. फक्त गूळ महागला तेव्हा चणे आले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, पोरांकडून वंदना पाठ करून घेतली, झाले. आक्काचा भर पाठांतरावर नव्हताच. आमच्यातला एक पोरगा फार हुशार, बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना एका दमात म्हणायचा. आक्काने त्याला विचारले, "पंचशिलातलं दुसरं काय सांगतं?" पोरगा गप्प. "जे दिलं नाय ते घ्यायचं नाय. काल तू कुणाच्या आगरात शहाळी पाडलीस?" पोरगा आणखी गप्प. "पोपट नको रे, माणूस पायजे," ती म्हणाली. तेव्हापासून नियम झाला. रविवारी एक शील घ्यायचे आणि त्या आठवड्यात आपण ते कुठे मोडले ते ज्याचे त्याने सांगायचे. दुसऱ्याने सांगायचे नाही. चहाडी करणाऱ्याला चणे नाहीत.

गोष्टी तिच्याकडे खूप होत्या आणि सांगण्याची तऱ्हा आणखी वेगळी होती. प्रकृतीची गोष्ट ती विहिरीवर नेऊन सांगायची. भिक्खू आनंदाने पाणी मागितले तेव्हा मुलगी म्हणाली, मी चांडाळाची; आनंद म्हणाला, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. एवढे सांगून आक्का पोहरा विहिरीत सोडायची आणि म्हणायची, "आता सांगा, महाडात बाबासाहेब काय करायला गेले होते?" २० मार्च १९२७ ही तारीख आम्हांला अशी विहिरीच्या काठावर कळली, आणि ओल्या हातांनी कळली म्हणून असेल, पुसली गेली नाही.

पण सर्वांत जास्त लक्षात राहिली ती राहुलाची गोष्ट. राहुल सात वर्षांचा. भगवान बुद्ध पाय धुतात आणि भांड्यात थोडे पाणी ठेवतात. मुलाला दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही, त्याचे साधुपण या पाण्याइतकेच उरते. मग ते पाणी फेकून देतात. मग भांडे पालथे घालतात. मग रिकामे भांडे सुलटे करून दाखवतात. आक्का हे सगळे आपल्या पितळी तांब्याने करून दाखवायची. तांब्या चिंचेने घासून लखलखीत केलेला असायचा. पाणी पडवीच्या कडेला फेकताना ती एक क्षण आमच्याकडे बघायची. आम्हा सगळ्यांनाच वाटायचे की ती आपल्याकडेच बघते आहे.

त्या तांब्यानेच आमच्या घरात भूकंप केला. तो प्रसंग आजवर कुठे लिहिला नाही. आता घरातले कुणी दुखावण्याजोगे राहिलेले नाही, म्हणून लिहितो.

आमची आजी, तिला आम्ही बय म्हणायचो. वाडीने धम्म स्वीकारला तेव्हा ठराव झाला होता की घरातले देव विसर्जन करायचे. महाराष्ट्रभर त्या काळात असे देव नदीत, विहिरीत, खाडीत गेले. आमचा देव्हाराही गेला, पण चांदीचे तीन छोटे टाक बयने फडक्यात बांधून माळ्यावर, बियाण्याच्या कणगीमागे ठेवले होते. वडील मुंबईला, आईला माहीत होते, ती गप्प. आम्हांला ते कळले ते माळ्यावर लपंडाव खेळताना. गौरी-गणपतीच्या दिवसांत रात्री बय हळूच वर जायची आणि थोड्या वेळाने डोळे पुसत खाली यायची. कोकणातला गणपती म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सगळा गाव आरत्यांनी दुमदुमतो, मुंबईहून गाड्या भरून माणसे येतात, आणि आपल्या बावीस प्रतिज्ञांतली तिसरी नेमकी गौरी-गणपतीचीच. ती प्रतिज्ञा म्हणताना आमची जीभ अडखळायची.

एका रविवारी राहुलाची गोष्ट झाली. चौथे शील त्या आठवड्याचे होते. आक्काने तांब्या पालथा घातला आणि आम्ही उभे राहून म्हणालो, "आमच्या माळ्यावर देव आहेत."

पोरे आधी हसली, मग चिडीचूप झाली. कारण वाडीचा दंड होता. ज्याच्या घरी देव सापडेल त्याला पन्नास रुपये आणि वर्षभर वाडीच्या कार्यात बोलावणे नाही. पन्नास रुपये त्या काळी केवढे! आणि लग्नामर्तिकाला वाडी आली नाही तर माणसाने जायचे कुठे? आम्ही बोलून गेलो आणि आमचे आम्हांलाच कळले की आपण घर विकून आलो.

आक्का शांतपणे म्हणाली, "हे पडवीत बोललं गेलं. पडवीतलं सभेत जाणार नाय. जो नेईल त्याने पुढच्या रविवारी येऊ नये." आणि मग चणे वाटले. त्या दिवशी आम्हांला दोन मुठी मिळाले.

दुपारी ती आमच्या घरी आली. आम्ही माजघरात दडून बसलो. वाटले, आता बयला झापणार. आक्का सूप ओढून बयसमोर बसली आणि तांदूळ निवडायला लागली. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग बयच म्हणाली, "पोरानं सांगितलान ना तुला?" आक्काने मान हलवली. बय म्हणाली, "माज्या सासूनं दिलान ते. दोन पोरं गेली माजी तापानं. हे पण टाकले नि तिसरं गेलं तर?" तिसरे म्हणजे आमचे वडील.

आक्काने धर्मावर भाषण केले नाही. किसागोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी आई. भगवान म्हणाले, ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. आक्का म्हणाली, "आपल्या वाडीत मोहरी मागायला गेलीस तर कुणाच्या घरात मिळेल? देव असलेल्या घरात मिळेल? बामणआळीत मिळेल?" बय रडली. आक्काही रडली. तिला मूल झाले नव्हते, पण तिचा नवरा बत्तिसाव्या वर्षी गेला होता.

गोष्ट तिथेच संपली असती तर ती पुस्तकातली झाली असती. बयने त्या दिवशी काही केले नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. आक्का रोज संध्याकाळी तांदूळ निवडायला येत राहिली, देवांचा विषय पुन्हा काढला नाही. तिसऱ्या वर्षी, वडील गणपतीला न येता वर्षावासाच्या समाप्तीला म्हणून आश्विन पौर्णिमेला गावी आले, तेव्हा एका ओहोटीला बय एकटीच फडके घेऊन खाडीवर गेली. आम्ही लांबून मागे गेलो. तिने टाक पाण्यात सोडले. टाक तीन होते. सोडताना आम्ही दोन मोजले. तिसऱ्याचे आम्ही कधी विचारले नाही. आक्कानेही नाही, हे आम्हांला नक्की ठाऊक आहे. काही धम्मबांधवांना हे आवडणार नाही. आम्हांलाही बरीच वर्षे आवडले नव्हते. पण दंडाने जे सोळा वर्षे झाले नाही ते तांदूळ निवडून दोन तृतीयांश झाले, असा आमचा हिशेब आहे.

आता आक्का आणि आमचे पुढारी, याविषयी. बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे मराठी भाषांतर १९७० साली आले. मुंबई मंडळाने एक प्रत वाडीला पाठवली. वर्षावासाचे तीन महिने, आषाढापासून आश्विनापर्यंत, रोज रात्री वाचन करायचे ठरले. तोवर जांभ्या दगडाचे छोटे विहार उभे राहिले होते. वाचणार कोण? वाडीत जोडाक्षरे न अडखळता वाचणारी व्यक्ती एकच. पण बाई! बाईने पुढे बसायचे, पुरुषांनी समोर ऐकायचे, हे जमायचे कसे? मंडळाचे पत्र आले की वाचन पुरुष कार्यकर्त्याने करावे. ज्यांनी ते पत्र लिहिले ते चांगले लोक होते, स्वतःची रजा आणि पगार घालून विहार बांधणारे होते. तरी पत्र लिहिले ते लिहिलेच.

पहिल्या रात्री एक काका वाचायला बसले. माणूस मनाने सोन्यासारखा, पण शाळा दुसरीतच सुटलेली. 'प्रतीत्यसमुत्पाद' आला आणि काका थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. बाहेर पाऊस, कंदिलाची वात वर-खाली, माणसे दिवसभर लावणी करून दमलेली. कुणी पेंगायला लागले. आम्ही कंदील धरून बसलो होतो, आम्हांला तो शब्द येत होता, पण बोलायची टाप नव्हती. आठवडाभर असेच चालले. आठव्या रात्री मागून बायकांतून आवाज आला, "आक्का, तूच वाच गं. आमाला समजूदे तरी." हा आवाज आमच्या बयचा होता. तो सगळ्यांनी ओळखला. काकांनी स्वतः उठून ग्रंथ आक्काच्या हातात दिला. त्यांचा मोठेपणा आजवर कुणी लिहिला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आक्काने काय वाचावे? महाप्रजापती गौतमीची कथा. शाक्य स्त्रियांना घेऊन ती कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी गेली, पाय सुजले, दाराशी उभी राहिली, आणि आनंदाने तिची बाजू मांडली. ग्रंथातला क्रम सोडून तिने तेच पान काढले होते की योगायोग, हे आम्ही पुढे एकदा विचारले. ती म्हणाली, "खूण घालून ठेवली होती हो, पैल्या दिवसापासून."

इथे एक जोडून सांगतो. बाबासाहेबांच्या आयुष्यातही असा एक शेजारधर्माचा गुरू आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर, दादा केळुसकर. पुष्कळ लोक नावावरून त्यांना आमच्या केळशीचे समजतात. ते केळूस, वेंगुर्ल्याकडचे. आम्हीही लहानपणी आपल्याच गावचे म्हणून फुशारकी मारत असू, आक्काने ती मोडली. हे गुरुजी मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसायचे, तिथेच अभ्यासाला येणाऱ्या भीमरावाची त्यांच्याशी ओळख झाली. परीक्षा पास झाल्याच्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांपर्यंत शब्द टाकला तोही त्यांनीच. आपल्याला बुद्ध कसा भेटला हे सांगताना बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दादांचे नाव घेतले आहे. ज्या दापोलीत रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ राहिले, ज्या दापोलीजवळच्या वणंदला १८९८ साली माता रमाई जन्मल्या, त्या तालुक्यातली आपली माणसे आहोत, हे आक्का आम्हांला पुन्हापुन्हा सांगायची. पण लगेच जोडायची, "त्याचा माज करू नका, त्याचा अभ्यास करा."

पुढची वर्षे भराभर गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वाडीत मुंबईहून मनीऑर्डरऐवजी माणसे आली. पडवीत पोरे वाढली. शहरात वाढलेली, गावाला लाजणारी. आक्का त्यांनाही शिकवायची आणि त्यांच्या आयांचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म लिहून द्यायची. बौद्ध लिहिले की केंद्राची सवलत जाते आणि जुनी जात लिहिली की मन जाते, हा पेच तेव्हा घराघरात होता. १९९० साली केंद्राचा कायदा दुरुस्त झाला तेव्हा तिने पडवीत पेढे वाटले. गूळ आणि चण्यांच्या इतिहासात पेढे ते एकदाच.

आता आमच्याविषयी. आम्ही शिकलो, मुंबईत नोकरीला लागलो, सभांतून बोलायला लागलो. १९९४ साली आक्काचे आंतर्देशीय पत्र आले. अक्षर वाकडे झाले होते. लिहिले होते की नजर अधू झाली आहे, मे महिन्यात पंधरा दिवस येऊन पोरांचा वर्ग घे, पुढे कुणी तयार होईपर्यंत. आम्ही पत्र वाचले, खिशात ठेवले. मेमध्ये ओव्हरटाइम होता. उत्तर दिवाळीत लिहू म्हटले. दिवाळीत आठवले नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेल्याचा निरोप आला. एसटी रात्री उशिरा पोहोचली, तोवर सगळे आटोपले होते. पुण्यानुमोदनाच्या सभेत आम्हांला बोलायला उभे केले. आम्ही दहा मिनिटे बोललो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दहा मिनिटांत पत्राचा उल्लेख नव्हता. खाली बसताना समोर पाण्याचा तांब्या दिसला आणि आम्ही नजर वळवली.

वर्ग बंद पडला. विहार मोठे झाले, फरशी बसली, माईक आला, जयंतीला रोषणाई येऊ लागली. पोरे मुंबई-पुण्याला गेली, त्यांची पोरे मेमध्ये येतात आणि वाळूच्या टेकडीवर फोटो काढून परततात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. केळशीत नारळ-पोफळी आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. विहाराचे पत्रे शेजारच्या शेतात सापडले. आक्काच्या घराचा माळा उघडा पडला. टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही गावी गेलो तेव्हा तिच्या पुतणसुनेने एक ट्रंक पुढे ठेवली. पावसाने पुष्कळ काही गेले होते. पांढऱ्या साडीला ओल लागून पिवळे नकाशे उमटले होते. तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या हजेरीच्या वह्या मात्र कोरड्या होत्या.

वही म्हणजे शाळेसारखीच. नाव, तारीख, हजर की गैरहजर. शेवटच्या रकान्यात एक-दोन शब्द. 'नखे वाढली.' 'आईला ताप.' 'ज वाचता आला.' 'शहाळी कबूल.' आम्ही आमचे नाव शोधत गेलो. भाद्रपदातल्या एका रविवारी आमच्यापुढे लिहिले होते, 'खरे बोलला. बयकडे जाणे.' शेवटच्या वहीत, शेवटच्या पानावर तीनच नावे होती. त्याखाली मोठ्या वाकड्या अक्षरात आमचे नाव आणि पुढे 'मेमध्ये येणार'. हजेरीचा रकाना कोरा.

तर वाचकहो, त्या दिवशी चहा निवला आणि आम्ही गावी परत फोन लावला. म्हटले, मोबाईल लावू नका. वाडीत सध्या शाळेत जाणारी पोरे किती? तो म्हणाला, "पाच. त्यात दोन पोरी, एक सहावीला, एक आठवीला. बाकी लहान." पोरींना वाचता येते का? "येतं हो काका, पण जोडाक्षरं अडतात. आणि लाजतात." म्हटले, अडू देत. पहिले पंधरा दिवस आम्ही शेजारी बसतो.

तिकडून तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "खरंच येणार ना? म्हणजे पोरींना तसं सांगू का?"

सांग म्हटले. सौभाग्यवतींनी लगेच विचारले, तुमचे रक्तदाबाचे औषध पंधरा दिवसांचे आहे का? नव्हते, ते आणले. चष्म्याची काडी दुरुस्त करून घेतली. ग्रंथाची आमची प्रत जुनी आहे, शिवण सुटली आहे, तिला दोऱ्याने टाके घातले. दापोलीपर्यंत रात्रीच्या गाडीचे आरक्षण झाले, पुढे केळशीची एसटी.

हा मजकूर केळशीहूनच लिहितो आहे. पाऊस आहे. काल आठवीतली पोरगी 'प्रतीत्यसमुत्पाद'ला तीनदा अडली, चौथ्यांदा सहावीतलीने मागून सांगितला. मोठी तिच्यावर चिडली आहे. आज रविवार, सकाळी दोघींना पडवीत बोलावले आहे. चणे आणलेत. पुढच्या आठवड्याचा मजकूर पोहोचायला उशीर झाला तर संपादकांनी सांभाळून घ्यावे, इथे लाईट जाते.